लिनक्स लॅपटॉपला नीट झोपवायचं कसं

रात्री ऐंशी टक्के बॅटरीवर मिटवलेला लॅपटॉप सकाळी उघडावा आणि बॅटरी चाळिशीला आलेली असावी, किंवा सॅकमधून बाहेर काढताना तो हाताला चटका बसेल इतका तापलेला असावा, ही तक्रार लिनक्स वापरणाऱ्यांना नवी नाही. त्यावर बहुतेकजण एकच करतात. कुणीतरी कुठंतरी सुचवलेली एखादी ओळ बूटच्या सेटिंगमध्ये घालतात, फरक पडला नाही की दुसरी घालतात. महिन्याभरात त्या फायलीत पाच-सहा ओळी साचतात आणि त्यातली कोणती कशासाठी होती हे त्यांनाही आठवत नाही. क्रम उलटा हवा. लॅपटॉप कोणत्या प्रकारची झोप घेतोय, त्याला झोपायला कोण सांगतंय आणि त्याला मध्येच कोण उठवतंय, एवढं आधी शोधायचं. सेटिंगला हात त्यानंतर.

एक खुलासा करून पुढं जाऊ. या लेखात आज्ञा आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची. सिस्टमडीच्या कॉन्फिग फायलींमध्ये प्रत्येक पर्याय टिप्पणीच्या रूपात आधीच छापलेला असतो. तिथूनच ओळ उचलावी, म्हणजे स्पेलिंगची चूक होत नाही.

आता झोपेचे प्रकार. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टनं एपीएम आणलं, तेव्हा वीज वाचवण्याचा सगळा कारभार बायोसच्या हातात होता. १९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय जाहीर केलं आणि निर्णय ऑपरेटिंग सिस्टमकडे आले. त्यातली एस-३ ही अवस्था म्हणजे आपण वर्षानुवर्षं ज्याला सस्पेंड म्हणत आलो ती: प्रोसेसर बंद, डिस्क बंद, वीज फक्त रॅमला. एस-४ म्हणजे हायबरनेट, म्हणजे रॅममधला मजकूर डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद. पुढं विंडोज १० बरोबर मॉडर्न स्टँडबाय आलं. फोनसारखा लॅपटॉपही झोपेत मेल तपासत राहावा आणि उघडताक्षणी जागा व्हावा, ही त्यामागची कल्पना. यात यंत्र एस-३ मध्ये जातच नाही. ते चालूच राहतं, फक्त प्रत्येक भाग शक्य तितका निष्क्रिय केला जातो. गाढ झोपेच्या जागी ही डुलकी आहे. लिनक्समध्ये तिचं नाव एस-टू-आयडल. ती चांगली चालली तर खर्च एस-३ च्या जवळपास येतो. पण त्यासाठी सगळे भाग निष्क्रिय व्हावे लागतात. एक भाग जागा राहिला तरी पूर्ण चिप खालच्या अवस्थेत उतरत नाही आणि बॅटरी गळत राहते.

बऱ्याच उत्पादकांनी नव्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमधून एस-३ काढूनच टाकलं, आणि खरी गोम इथं आहे. तुमच्याकडे काय आहे ते पाहायला टर्मिनलवर 'कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप' चालवा. उत्तरात 'एस२आयडल' आणि 'डीप' हे शब्द दिसतील आणि सध्या निवडलेला शब्द चौकटी कंसात असेल. डीप म्हणजे एस-३. फक्त एस२आयडल दिसत असेल, तर तुमच्या यंत्रात एस-३ नाही. अशा वेळी कर्नलला 'मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप' ही ओळ देऊन काहीही साधत नाही, कारण जी अवस्था फर्मवेअर देतच नाही ती कर्नल आणणार कुठून? या ओळीची शिफारस मात्र सर्रास होते.

दोन्ही शब्द दिसत असतील आणि कंस एस२आयडलभोवती असेल, तर प्रयोग करून बघण्यासारखं आहे. रूट होऊन त्याच फायलीत 'डीप' हा शब्द लिहा, लॅपटॉप झोपवा आणि उठवा. हा बदल रीबूटपर्यंतच टिकतो, त्यामुळे बिघडलं तरी पॉवरचं बटण दाबून धरण्यापलीकडे काही करावं लागत नाही. मात्र उघड्या फायली आधी सेव्ह करा. काही दिवस नीट चालल्यावरच 'मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप' ही ओळ '/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब' मध्ये कायमची घाला. डेबियन आणि उबुंटूवर त्यानंतर 'अपडेट-ग्रब' चालवावं लागतं, फेडोरावर 'ग्रबी' वापरतात. काही लॅपटॉप डीपचा पर्याय दाखवतात, पण त्यातून उठताना स्क्रीन काळी राहते. असं झालं तर हट्ट सोडा, एस२आयडलच सुधारा. काही थिंकपॅडांच्या बायोसमध्ये स्लीप स्टेट नावाचा पर्याय असतो आणि त्यात विंडोज आणि लिनक्स असे दोन पर्याय दिसतात. लिनक्स निवडलं की एस-३ परत मिळतं. तेव्हा कर्नलच्या ओळींआधी बायोस उघडून बघावं.

यानंतरचं काम मोजण्याचं आहे. 'बॅटरी फार जाते' हे वाक्य निदानासाठी निरुपयोगी आहे. '/सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट०' या फोल्डरात 'एनर्जी_नाऊ' नावाची फाइल असते, तिच्यात या क्षणी बॅटरीत किती ऊर्जा आहे ते मायक्रोवॉट-तासांत लिहिलेलं असतं. काही यंत्रांवर तिच्याऐवजी 'चार्ज_नाऊ' असते, तिचा आकडा मायक्रोअँपिअर-तासांत असतो आणि त्याला व्होल्टेजनं गुणावं लागतं. चार्जर काढा, आकडा टिपा, दोन-तीन तास झोपवा, उठवून पुन्हा आकडा टिपा. फरकाला तासांनी भागून मायक्रोवॉटचे वॉट केले की झोपेतला सरासरी खर्च मिळतो. ५० वॉट-तासांची बॅटरी धरली आणि खर्च ०.३ वॉट असला, तर आठ तासांच्या रात्रीत जेमतेम ५ टक्के जातात. तोच खर्च २.५ वॉट असला तर ४० टक्के. पहिल्या आकड्याला हात लावायची गरज नाही. दुसरा दिसला तर यंत्र झोपलेलं नाही, फक्त स्क्रीन बंद आहे असं समजा.

हे रोज हातानं करायचं नसेल, तर सिस्टमडीनं एक सोय ठेवली आहे. '/यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम-स्लीप' या फोल्डरात ठेवलेली प्रत्येक चालवण्याजोगी स्क्रिप्ट झोपण्याआधी आणि उठल्यावर आपोआप चालते. तिला पहिला शब्द म्हणून झोपताना 'प्री' आणि उठताना 'पोस्ट' मिळतो. तारीख-वेळ आणि बॅटरीचा आकडा एका लॉग फायलीत जोडणारी दोन ओळींची स्क्रिप्ट इथं ठेवली की आठवड्याभरात चित्र स्पष्ट होतं. पुढं कोणताही बदल केल्यावर तो उपयोगी पडला की नाही, हेही हीच फाइल सांगते.

एस२आयडल वापरणाऱ्यांनी आणखी एक आकडा पाहावा. गेल्या काही वर्षांतल्या कर्नलमध्ये '/सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स' या फोल्डरात 'लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप' ही फाइल असते. गेल्या झोपेत हार्डवेअर प्रत्यक्षात किती वेळ खोल अवस्थेत होतं, ते तिच्यात मायक्रोसेकंदांत मिळतं. लॅपटॉप तासभर मिटलेला होता आणि इथं आकडा शून्य असेल, तर कोणता तरी भाग चिपला खाली उतरू देत नाहीये. २-३ वॉट जाण्याचं कारण बहुतेक वेळा तिथंच सापडतं. अशा वेळी यूएसबीला लावलेलं सगळं काढून, मेमरी कार्ड काढून पुन्हा मोजा. बाहेरून लावलेल्या वस्तूचा दोष असेल तर एवढ्यानंही तो उघडा पडतो.

झाकण मिटल्यावर काय करायचं हे ठरवणारे घरात दोघेजण असतात आणि घोळ बहुधा तिथंच होतो. एक सिस्टमडीचा लॉगिनडी, दुसरा तुमचा डेस्कटॉप. लॉगिनडीची फाइल '/ईटीसी/सिस्टमडी/लॉगिनडी.कॉन्फ'. तिच्यात 'हँडललिडस्विच' म्हणजे झाकण मिटल्यावर काय करायचं, 'हँडललिडस्विचएक्स्टर्नलपॉवर' म्हणजे चार्जर लावलेला असताना काय करायचं आणि 'हँडललिडस्विचडॉक्ड' म्हणजे डॉक किंवा बाहेरचा मॉनिटर जोडलेला असताना काय करायचं. पहिल्याचं मूळ मूल्य सस्पेंड, शेवटच्याचं इग्नोर. बाहेरच्या मॉनिटरवर काम करणाऱ्यांचा लॅपटॉप मिटवल्यावर झोपत नाही, तो या शेवटच्या ओळीमुळे. ते बरोबरच आहे. केबल काढायच्या आधी मिटवून बॅगेत टाकणाऱ्यांनी मात्र ते लक्षात ठेवावं.

केडीई वापरत असाल तर लॉगिनडीची फाइल बदलून बहुधा काहीच होणार नाही. केडीईचा पॉवरडेव्हिल झाकणाचा ताबा स्वतःकडे घेतो आणि लॉगिनडीला बाजूला बसायला सांगतो, म्हणून तिथं बदल केडीईच्या सेटिंगमध्येच करायचे. ग्नोम एरवी झाकण लॉगिनडीवर सोडतं, बाहेरचा मॉनिटर असेल तेव्हा तेही ताबा घेतं. या क्षणी ताबा कुणाकडे आहे हे 'सिस्टमडी-इनहिबिट --लिस्ट' ही आज्ञा सांगते. डाउनलोड चालू असताना किंवा व्हिडिओ बघताना लॅपटॉप आपणहून का झोपत नाही, त्याचं उत्तरही बरेचदा याच यादीत मिळतं.

लॉगिनडीमध्ये बदल केल्यावर त्याची सेवा रीस्टार्ट करण्याचा मोह होतो. ग्राफिकल सत्र चालू असताना ते करू नका, सत्रातून बाहेर फेकले जाल. सरळ रीबूट करा. आणि तपासताना एक बारकावा लक्षात ठेवा: बूट झाल्यानंतर किंवा झोपेतून उठल्यानंतर पहिले ३० सेकंद लॉगिनडी झाकणाकडे मुद्दाम दुर्लक्ष करतो, मॉनिटर आणि डॉक ओळखले जायला वेळ मिळावा म्हणून. घाईनं उघड-मीट करून 'चालत नाही' असा निष्कर्ष काढणारे बरेचजण या ३० सेकंदांत अडकलेले असतात.

मिटलेला लॅपटॉप आपोआप जागा होत असेल, तर संशयितांची यादी '/प्रॉक/एसीपीआय/वेकअप' मध्ये असते. तिथं प्रत्येक उपकरणापुढं एनेबल्ड किंवा डिसेबल्ड लिहिलेलं दिसेल. एक्सएचसी म्हणजे यूएसबीचा कंट्रोलर, आणि बहुतेक वेळा चोर तोच असतो. वायरलेस माउसचा रिसीव्हर तसाच ठेवून लॅपटॉप बॅगेत टाकला की माउस हलेल तसा लॅपटॉप जागा होतो, आणि मिटलेल्या बॅगेत हवा खेळत नसल्यामुळे तापतो. त्या फायलीत रूट होऊन एक्सएचसी लिहिलं की त्याचा उठवण्याचा अधिकार जातो. पुन्हा लिहिलं की परत येतो! हा उलटसुलट होणारा स्विच आहे. बूटच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तो ठेवलात आणि ती स्क्रिप्ट कधी दोनदा चालली, तर सगळं पूर्ववत. शिवाय पूर्ण कंट्रोलर बंद केल्यावर यूएसबी कीबोर्डनंही यंत्र उठणार नाही. त्यापेक्षा 'यूडेव्ह' चा नियम लिहून फक्त त्या एका रिसीव्हरच्या 'पॉवर/वेकअप' मध्ये डिसेबल्ड टाकणं मला अधिक नीट वाटतं. सगळ्यात सोपं म्हणजे रिसीव्हर काढून ठेवणं, पण ते कुणी करत नाही.

उठल्यावर स्क्रीन काळी राहणं हा सगळ्यात त्रासाचा प्रकार. इथं पहिला प्रश्न असा, की यंत्र मेलंय की फक्त स्क्रीन मेलीय? कॅप्स लॉक दाबून दिवा लागतो का पाहा. दुसऱ्या संगणकावरून एसएसएचनं आत शिरता येतं का पाहा; त्यासाठी एसएसएचची सेवा आधीपासून चालू हवी. यंत्र जिवंत असेल तर दोष ग्राफिक्सचा. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर वापरत असाल तर 'एनव्हिडिया-सस्पेंड', 'एनव्हिडिया-रिझ्यूम' आणि 'एनव्हिडिया-हायबरनेट' या तीन सेवा चालू आहेत का ते तपासा. झोपताना ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीतला मजकूर जपून ठेवण्याचा पर्याय या ड्रायव्हरमध्ये असतो, तोही चालू हवा. तो बंद असला की उठल्यावर चित्रविचित्र ठिपके, फाटलेल्या खिडक्या किंवा कोरी स्क्रीन दिसते.

यंत्रच अडकत असेल तर कर्नलनं त्याच्या तपासासाठी एक सुरेख साधन दिलं आहे, '/सिस/पॉवर/पीएम_टेस्ट'. त्यात 'फ्रीझर', 'डिव्हायसेस', 'प्लॅटफॉर्म', 'प्रोसेसर्स' आणि 'कोअर' अशा पायऱ्या असतात. एक पायरी लिहून सस्पेंड केलं की कर्नल तेवढ्याच पायरीपर्यंत उतरतो, ५ सेकंद थांबतो आणि परत वर येतो. फ्रीझर पार पडला आणि डिव्हायसेसला अडकला, तर दोष कोणत्या तरी ड्रायव्हरचा. तपास संपल्यावर त्या फायलीत 'नन' लिहायला विसरू नका, नाहीतर लॅपटॉप झोपतोय आणि लगेच उठतोय असा नवाच घोळ होईल. 'आरटीसीवेक -एम मेम -एस ६०' ही आज्ञा लॅपटॉप झोपवून मिनिटभरानं आपोआप उठवते, त्यामुळे झाकण उघड-मीट न करता तपासता येतं. 'पीएम_ट्रेस' नावाचं आणखी खोल साधन आहे, पण ते आपल्या खुणा घड्याळाच्या चिपमध्ये लिहून ठेवतं. पुढच्या बूटला तारीख-वेळ भलतीच दिसली तर दचकू नका.

वायफाय उठल्यावर परत येत नसेल, तर स्क्रिप्टमध्ये झोपताना त्याचं मॉड्यूल काढायचं आणि उठल्यावर घालायचं, हा जुना उपाय आजही चालतो. पण ते ठिगळ आहे. नवा कर्नल आल्यावर ते काढून बघत जा.

हायबरनेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. एस-३ चांगलं चालणाऱ्या लॅपटॉपवर त्याच्या वाटेला जाण्याचं कारण नाही. फक्त एस२आयडल असलेल्या लॅपटॉपवर मात्र ते मिळालं तर घ्यावं, तेही 'सस्पेंड-देन-हायबरनेट' या रूपात: आधी साधी झोप, मग काही काळानं किंवा बॅटरी तळाला आली की डिस्कवर लिहून पूर्ण बंद. '/ईटीसी/सिस्टमडी/स्लीप.कॉन्फ' मध्ये 'हायबरनेटडिलेसेक' ला एक तास किंवा दोन तास द्या आणि लॉगिनडीतल्या झाकणाच्या ओळीत सस्पेंडऐवजी 'सस्पेंड-देन-हायबरनेट' लिहा. दुपारचं जेवण होईपर्यंत लॅपटॉप झटकन उठतो, आणि रात्रभर पडून राहिला तर बॅटरी आहे तिथंच राहते.

अडचणी आहेत. डिस्कवर स्वॅप हवी, पार्टिशन असो वा फाइल. फेडोरा ३३ पासून मूळ मांडणीत स्वॅप झेडरॅममध्ये, म्हणजे रॅमच्याच एका भागात असते. तिथं हायबरनेट करणं शक्यच नाही, वेगळी स्वॅप बनवावी लागते. आकाराबद्दल वाद खूप होतात. कर्नल मुळात रॅमच्या दोन पंचमांश आकाराची प्रत बनवण्याचा प्रयत्न करतो आणि ती दाबून लहानही करतो, पण रॅम भरलेली असताना अडायला नको असेल तर रॅमएवढी स्वॅप ठेवून मोकळं व्हा. उठताना कर्नलला ती प्रत कुठं आहे हे कळायला हवं. त्यासाठी 'रिझ्यूम=' हा बूटचा पर्याय असतो, आणि स्वॅप फाइल असेल तर जोडीला 'रिझ्यूम_ऑफसेट='. यूईएफआय असलेल्या यंत्रावर नव्या सिस्टमडीनं ही माहिती स्वतःच पोचवायला सुरुवात केली आहे.

सिक्युअर बूट चालू असेल तर फेडोरा, उबुंटू, डेबियन यांचे कर्नल हायबरनेटला नकार देतात, कारण डिस्कवर लिहिलेल्या प्रतीत कुणी फेरफार केला नाही याची खात्री त्यांना करता येत नाही. सिक्युअर बूट आणि हायबरनेट यांतलं एक निवडावं लागतं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर स्वॅपही एन्क्रिप्ट केलेलीच हवी, आणि तिची किल्ली कायमची हवी; प्रत्येक बूटला नवी किल्ली बनवणारी स्वॅप असेल तर प्रत पुन्हा वाचताच येणार नाही. याउलट साध्या सस्पेंडमध्ये डिस्कची किल्ली रॅममध्येच राहते, म्हणून झोपण्याआधी स्क्रीन लॉक होते की नाही हे डोळ्यांनी पाहून घ्या. ग्नोम आणि केडीई ते करतात. स्वे किंवा आय-थ्री वापरणाऱ्यांना 'स्वेआयडल' किंवा 'एक्सएसएस-लॉक' स्वतः जोडावं लागतं.

विंडोज आणि लिनक्स एकाच लॅपटॉपवर असतील तर यापुढचं नीट वाचा. एक सिस्टम हायबरनेट करून दुसरी बूट केली आणि पहिलीच्या पार्टिशनवर काही लिहिलं, तर पहिली उठल्यावर तिच्या डोक्यातलं चित्र आणि डिस्कवरचं वास्तव जुळत नाही आणि फाइल सिस्टम बिघडते. विंडोजचं फास्ट स्टार्टअप हे अर्धं हायबरनेटच आहे, त्यामुळे तुम्ही विंडोज 'शट डाउन' केलं तरी हा धोका उरतो. ते बंद करा.

बीएसडीवाल्यांचा कारभार यापेक्षा आटोपशीर आहे. ओपनबीएसडीत 'झेडझेडझेड' लहान अक्षरांत टाइप केलं की सस्पेंड, मोठ्या अक्षरांत केलं की हायबरनेट, आणि झाकणासाठी 'मशडेप.लिडअ‍ॅक्शन' हा एकच सिसकंट्रोल: शून्य म्हणजे काही नको, एक म्हणजे सस्पेंड, दोन म्हणजे हायबरनेट. फ्रीबीएसडीत 'एसीपीआयकॉन्फ -एस ३' नं एस-३ मिळतं.

हे सगळं करूनही अडलंच, तर 'एफडब्ल्यूअपडी' वापरून फर्मवेअर अद्ययावत करा; झोपेच्या अनेक दोषांची दुरुस्ती उत्पादकाच्या बायोस अपडेटमधूनच येते. कर्नल बदलल्यानंतर झोप बिघडली असेल तर ग्रबच्या यादीतून आधीचा कर्नल निवडून ताडून पाहा. तोवर जुना कर्नल काढून टाकू नका. तक्रार नोंदवायची झाल्यास लॅपटॉपचं नेमकं मॉडेल, बायोसची आवृत्ती, चाललेला आणि बिघडलेला असे दोन्ही कर्नल, 'मेम_स्लीप' मधलं उत्तर, 'सस्पेंड_स्टॅट्स' मधलं 'लास्ट_फेल्ड_डेव्ह' आणि त्या बूटचा 'जर्नलसीटीएल -बी -१ -के' चा मजकूर जोडा. वॉटमधला आकडा मोजलेला असेल तर तो पहिल्या ओळीतच लिहा.